समजून घ्या : उन्हाळ्याची उधारी, हिवाळ्यात वसुली, ध्रुवावरचं बर्फाचं झाकण पातळ झालं की काय होतं?

शहापूर (जि. भंडारा) : दरवर्षी सप्टेंबरमध्ये एक बातमी मोबाइलवर हमखास येते. आर्क्टिक महासागरातला बर्फ यंदा किती उरला, याची. सोबत उपग्रहाचा नकाशा आणि बर्फाच्या तुकड्यावर उभं असलेलं पांढरं अस्वल. ऑक्टोबर लागतो, तिकडचा सूर्य मावळतो आणि बातमीही मावळते.

खरा व्यवहार मात्र त्यानंतर सुरू होतो. उन्हाळ्यात समुद्राने साठवलेली उष्णता बाहेर पडते ती हिवाळ्यात, महिनोन् महिने चालणाऱ्या अंधारात. ती किती बाहेर पडेल, हे ठरवतं समुद्रावरचं बर्फाचं झाकण. आर्क्टिक प्रदेश १९७९ पासून जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगाने तापला आहे. ही वाढ सर्वांत जास्त दिसते ती भर उन्हाळ्यात नव्हे, तर हिवाळ्याच्या तोंडाशी आणि हिवाळ्यात. आणि सर्वांत कमी मोजमाप होतं ते याच ऋतूचं.

पावसाच्या अंदाजावर धानाचं गणित मांडणाऱ्या भंडारा जिल्ह्यानेही ही उणीव आपली मानायला हवी. का, ते टप्प्याटप्प्याने पाहू.

तलावावरची वाफ काय सांगते?

नागपूर-भंडारा महामार्गावरच्या शहापूरपासून भारताचं 'हिमाद्री' संशोधन केंद्र सुमारे सात हजार किलोमीटर दूर आहे, नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर. पण तिथल्या समुद्रावर हिवाळ्यात काय घडतं, याचा छोटा नमुना भंडारा जिल्ह्यातल्या मामा तलावांवर पाहायला मिळतो.

डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो. तलावाचं पाणी त्याहून बरंच उबदार असतं. मग पाण्यावरून वाफ उठताना दिसते. पाणी आपली उष्णता थंड हवेला देत असतं : काही थेट स्पर्शातून, काही वाफेतून आणि काही डोळ्यांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेड किरणांतून.

ध्रुवावर हेच घडतं, फक्त आकडे मोठे. समुद्राचं पाणी खारट असल्याने ते शून्य अंशाला गोठत नाही, साधारण उणे १.८ अंश सेल्सिअसला गोठतं. वरची हवा हिवाळ्यात उणे ३० अंशांपर्यंत सहज जाते. म्हणजे हात घातला तर बधिर करून टाकणारं ते पाणी हवेच्या मानाने २८ अंशांनी गरम असतं. बर्फ फाटून पाणी उघडं पडलं की तिथून दाट वाफ उठते. खलाशी तिला समुद्राचा धूर म्हणतात.

मग सगळी उष्णता एका हिवाळ्यात उडून का जात नाही? कारण समुद्रावर झाकण आहे.

झाकण किती घट्ट?

हा हिशेब अभियांत्रिकीच्या 'हीट ट्रान्सफर' विषयातला अगदी प्राथमिक हिशेब आहे. समजा, बर्फाच्या वरच्या पृष्ठभागाचं तापमान उणे ३० आहे, खालच्या बाजूला पाणी उणे १.८ वर आहे आणि बर्फ दोन मीटर जाड आहे. अशा बर्फाच्या एका चौरस मीटरमधून साधारण २८ वॉट उष्णता वर जाते. घरातल्या दोन-तीन एलईडी बल्बांइतकी.

आता त्या बर्फावर ३० सेंटिमीटर भुसभुशीत हिम टाका. हिमात हवा कोंडलेली असते, त्यामुळे ते बर्फापेक्षा सुमारे सात पट कमी उष्णता वाहतं. फक्त ३० सेंटिमीटर हिम दोन मीटर बर्फाइतकी अडवणूक करतं. गळती निम्म्यावर, म्हणजे १४ वॉटवर येते. बर्फ हे झाकण असेल, तर हिम ही त्यावरची गोधडी.

दोन्ही पातळ केले तर? बर्फ एक मीटर आणि हिम १५ सेंटिमीटर धरलं, तर गळती पुन्हा २८ वॉट. म्हणजे दुप्पट. प्रत्यक्षात वारा, ढग, बर्फातला खार यांनी हे आकडे बदलतात. पण दिशा हीच राहते.

फट छोटी, गळती मोठी

बर्फाचा थर एकसंध नसतो. वारा आणि प्रवाह त्याला ओढतात, तडे जातात, कित्येक किलोमीटर लांबीच्या फटी पडतात. कडाक्याच्या थंडीत वारा वाहत असेल, तर अशा उघड्या पाण्याच्या एका चौरस मीटरमधून ३०० ते ५०० वॉट आणि कधी त्याहूनही जास्त उष्णता हवेत जाते.

वरचाच हिशेब पुढे नेऊ. शंभरातल्या ९९ भागांवर हिमाने झाकलेला जाड बर्फ आहे आणि एकच भाग उघडा आहे. उघड्या भागातून ४०० वॉट धरले, तर एकूण गळतीतला पाचवा हिस्सा त्या एक टक्का जागेतून जातो. उपग्रहाच्या नकाशावर '९९ टक्के बर्फ' आणि '९७ टक्के बर्फ' हे दोन्ही सारखेच पांढरे दिसतात. उष्णतेच्या हिशेबात मात्र दोन टक्क्यांचा हा फरक मोठा आहे.

गोठताना पाणी उष्णता देतं

इथे एक गोष्ट उलटी वाटेल. पाण्याचा बर्फ होताना उष्णता बाहेर पडते. एक किलो पाणी गोठताना जेवढी उष्णता सोडतं, तेवढ्यात एक किलो पाणी शून्यावरून जवळपास ८० अंशांपर्यंत तापवता येईल. ध्रुवीय हिवाळ्यात बर्फातून वर जाणाऱ्या उष्णतेचा मोठा भाग या गोठण्यातूनच येतो.

बर्फ जाड होतो तशी गळती कमी होते, गळती कमी झाली की नवा बर्फ हळू धरतो. ध्रुवीय मोहिमांनी आणलेल्या नोंदींवरून जोसेफ स्टेफान या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा नियम मांडला : बर्फाची जाडी काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. सोप्या भाषेत, जाडी दुप्पट व्हायला चौपट वेळ लागतो.

म्हणूनच पातळ बर्फ हिवाळ्यात झपाट्याने वाढतो. 'बघा, बर्फ परत आला' असं म्हणणारे नेमके याकडे बोट दाखवतात. बर्फ येतो हे खरं. पण झपाट्याने येण्याची किंमत म्हणजे समुद्रातली तेवढीच उष्णता हवेत सोडणं. झाकण स्वतःची दुरुस्ती करतं, पण त्या काळात वरची हवा तापून निघते.

उधारी कुठून आली?

हिमाने झाकलेला बर्फ ऊन पडलं की त्यातला ८० टक्क्यांच्या आसपास भाग परत फेकतो. उघडं, गडद पाणी ९० टक्क्यांहून जास्त ऊन शोषतं. उन्हाळ्यात बर्फ लवकर हटला, तर समुद्र जास्त काळ ऊन पितो. ही झाली उधारी.

सूर्य मावळल्यावर वसुली सुरू होते. साठलेली उष्णता हवेला दिल्याशिवाय पाणी गोठू शकत नाही. त्यामुळे बर्फ उशिरा धरतो. उशिरा धरलेल्या बर्फाला आणखी एक तोटा होतो. सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात पडणारं हिम त्याच्या वाट्याला येत नाही, ते थेट पाण्यात पडून विरघळतं. रोवणी लांबली की धानाला सुरुवातीचा पाऊस मिळत नाही, तसंच काहीसं. बर्फ पातळ, वरची गोधडीही पातळ आणि हिवाळाभर गळती जास्त.

जुना, जाड बर्फ तर झपाट्याने संपतो आहे. १९८५ च्या मार्चमध्ये आर्क्टिकमधला सुमारे एक तृतीयांश बर्फ चार वर्षांहून जुना होता. अलीकडच्या वर्षांत हे प्रमाण पाच टक्क्यांच्याही खाली आलं आहे. हिवाळी विस्तारही आता टिकत नाही. मार्च २०२५ मध्ये आर्क्टिकमधल्या बर्फाचा वर्षातला सर्वाधिक विस्तार १ कोटी ४३ लाख चौरस किलोमीटर होता. उपग्रहांची नोंद सुरू झाल्यापासूनचा हा नीचांक होता. दुसऱ्या टोकाला, अंटार्क्टिकाभोवती सप्टेंबर २०२३ मध्ये हिवाळी विस्तार सुमारे १ कोटी ७० लाख चौरस किलोमीटरवर थांबला, तोही तिथला नीचांक.

दुसरं झाकण पाण्याखाली

आर्क्टिकमध्ये आणखी एक झाकण आहे, ते दिसत नाही. अटलांटिक महासागराचं तुलनेने उबदार आणि खारट पाणी तिथे शिरतं आणि दीडशे-दोनशे मीटरच्या खाली पसरतं. वरचा सगळा बर्फ वितळवायला पुरेल एवढी उष्णता त्या थरात आहे. ती वर येत नाही, कारण वरच्या थरात नद्यांचं आणि वितळलेल्या बर्फाचं कमी खारट, म्हणून हलकं पाणी असतं. ते तेलाच्या तवंगासारखं वरच राहतं.

हिवाळ्यात या थराची परीक्षा होते. पाणी गोठताना मीठ बाहेर टाकतं. ते खारट पाणी जड होऊन खाली बुडतं आणि थर ढवळले जातात. युरोपच्या बाजूच्या समुद्रांत हे हलक्या पाण्याचं झाकण कमजोर होत असून अटलांटिकचं पाणी वरपर्यंत पोहोचू लागलं आहे. 'हिमाद्री'समोरचा कोंग्सफ्योर्डन हा सागरी फाटा याचं जवळचं उदाहरण. तिथे पूर्वी हिवाळ्यात बर्फ धरायचा. २००६ नंतर तो खूपच कमी झाला आहे.

आकाशातली गोधडी

हिवाळ्यात निरभ्र रात्री विदर्भात थंडी जास्त वाजते आणि ढग आले की कमी होते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. जमीन उष्णता वर फेकत असते; ढग त्यातली बरीचशी परत देतात. निरभ्र रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड होते, म्हणून शेकोटीचा धूर वर न जाता गावावरच पसरतो.

ध्रुवावर ही रात्र काही महिन्यांची असते. 'हिमाद्री' आहे त्या न्यू-ऑलेसुंडमध्ये ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येत नाही. आकाश निरभ्र असेल, तर बर्फाचा पृष्ठभाग चौरस मीटरमागे ४० वॉटच्या आसपास उष्णता गमावतो. दाट ढग आले की हा तोटा जवळपास शून्यावर येतो. म्हणजे त्या हिवाळ्यात किती बर्फ धरेल, यात ढगांचाही हात असतो.

हे मोजलं कुणी?

फार थोड्यांनी. नॉर्वेचा फ्रित्यॉफ नान्सेन १८९३ ते १८९६ या काळात 'फ्राम' जहाज मुद्दाम बर्फात अडकवून वाहत गेला. खालच्या उबदार पाण्याचा थर त्याच्या मोजमापांतून पुढे आला. १९९७-९८ मध्ये कॅनडाचं एक जहाज वर्षभर बर्फात गोठवून ठेवलं गेलं. २०१९-२० मध्ये जर्मनीच्या 'पोलारस्टर्न' जहाजाने 'मोझाइक' मोहिमेत तेच केलं. वीस देशांचे शास्त्रज्ञ त्यात होते. सव्वाशे वर्षांत बर्फासोबत पूर्ण हिवाळा काढून केलेल्या मोठ्या मोजमापांची यादी काही लांब नाही.

उपग्रह आहेत की, असं कुणी म्हणेल. आहेत; पण त्यांना बर्फाचा विस्तार जितका चांगला कळतो, तितकी जाडी कळत नाही. बर्फावर किती हिम आहे, याचा अंदाज धरूनच जाडी काढावी लागते. म्हणजे नेमकी ती गोधडीच धूसर राहते.

याचा परिणाम काय होतो, ते २०१९ मध्ये नॉर्वेच्या हवामान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं. युरोपीय हवामान केंद्राची 'ईआरए-५' ही माहिती जगभरचे संशोधक वापरतात. तिच्यात समुद्रावरचा सगळा बर्फ सरसकट दीड मीटर जाड धरलेला आहे आणि त्यावर हिम धरलेलंच नाही. त्यामुळे हिवाळ्यात, विशेषतः थंड निरभ्र रात्री, बर्फावरची हवा प्रत्यक्षापेक्षा कित्येक अंशांनी गरम दाखवली जाते. जगाच्या हवामानाचा अभ्यास ज्या वहीवर चालतो, त्या वहीतच हिवाळ्याचं पान कच्चं आहे.

भारत कुठे आहे?

भारत इथे नवखा नाही. पहिली अंटार्क्टिक मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहून निघाली. १९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेत नागपुरात जन्मलेल्या सागरशास्त्रज्ञ डॉ. अदिती पंत आणि भूशास्त्रज्ञ डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता होत्या. भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकावर पाऊल ठेवणाऱ्या या पहिल्या महिला शास्त्रज्ञ. आज 'मैत्री' आणि 'भारती' या केंद्रांवर भारतीय तुकड्या हिवाळाही काढतात.

आर्क्टिकमध्ये 'हिमाद्री' २००८ मध्ये सुरू झालं. २०१४ मध्ये 'इंडआर्क' ही उपकरणांची माळ कोंग्सफ्योर्डनच्या पाण्यात सोडण्यात आली. पाण्याचं तापमान आणि खारटपणा ती हिवाळ्यातही नोंदवू शकते. पण माणसांची पहिली भारतीय हिवाळी मोहीम तिथे गेली ती थेट डिसेंबर २०२३ मध्ये. पहिल्या तुकडीत गोव्याच्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रासोबत पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचाही सहभाग होता.

अडचण अशी, की ही सगळी केंद्रं जमिनीवर आहेत. समुद्रावरचा बर्फ मोजायला बर्फ फोडत जाणारं जहाज लागतं आणि भारताकडे स्वतःचं असं जहाज नाही. मोहिमांसाठी परदेशी जहाज भाड्याने घ्यावं लागतं. २०१४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने अशा जहाजासाठी १,०५१ कोटी रुपयांच्या प्रस्तावाला मंजुरी दिली होती. ते जहाज आलं नाही. जून २०२५ मध्ये कोलकात्याच्या गार्डन रीच शिपबिल्डर्सने नॉर्वेच्या कोंग्सबर्ग कंपनीशी ध्रुवीय संशोधन जहाजासाठी सामंजस्य करार केला.

भंडाऱ्याच्या पावसाशी याचा संबंध काय?

इथे जपून बोलायला हवं. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला आलेल्या महापुराने भंडारा शहर आणि काठावरची गावं पाण्याखाली गेली. मध्य प्रदेशातला मुसळधार पाऊस आणि धरणांतून सोडलेलं पाणी ही त्याची कारणं होती. 'आर्क्टिकमुळे पूर आला' असं कुणी फॉरवर्ड करत असेल, तर ते चूक आहे.

पण संबंधच नाही, असंही म्हणता येत नाही. गोव्याच्या ध्रुवीय केंद्रातील शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आर्क्टिकमधल्या कारा समुद्रावरचा उन्हाळी बर्फ घटणं आणि मध्य भारतात सप्टेंबरमध्ये होणारी अतिवृष्टी यांच्यात संभाव्य नातं दिसलं. 'संभाव्य' हा शब्द महत्त्वाचा. सप्टेंबरच्या अखेरीस हलक्या धानात दाणा भरत असतो. तेव्हाची अतिवृष्टी उभं पीक आडवं करते. हे नातं पक्कं निघालं, तर त्याचा उपयोग अंदाजासाठी होईल. योगायोग निघाला, तर तेही कळायला हवं. दोन्हींसाठी मोजमापच लागतं आणि उन्हाळी बर्फाची जाडी आधीच्या हिवाळ्यात ठरते.

मग करायचं काय?

'गावात तलावांचा गाळ निघत नाही आणि ध्रुवावर जहाज कशाला?' हा प्रश्न रास्त आहे. गाळ काढलाच पाहिजे. पण तलाव किती भरेल, हे ज्या अंदाजावर ठरतं, तो अंदाज अर्धवट माहितीवर उभा असेल, तर त्याची झळही गावालाच बसते. एक खर्च दुसऱ्याला पर्याय नाही.

म्हणून तीन गोष्टी ठामपणे मागायला हव्यात. पहिली, 'हिमाद्री'वरची हिवाळी मोहीम हा एकदाचा सोहळा ठरू नये. हवामानाच्या कामात दहा वर्षं सलग घेतलेली साधी नोंद ही एका वर्षाच्या झगमगाटापेक्षा मोलाची असते. दुसरी, जहाजाचा करार कागदावर राहू नये; २०१४ ची पुनरावृत्ती परवडणारी नाही. तिसरी, हिवाळ्यातल्या नोंदी सर्वांना वापरता येतील अशा खुल्या असाव्यात. शहापुरातही अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. वर मांडलेला उष्णतेचा हिशेब तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी सहज करू शकतो, सेन्सर बनवू शकतो, नोंदी तपासू शकतो. त्यासाठी त्याला ध्रुवावर जायची गरज नाही, आकडे हाती यायला हवेत.

आणि वाचकांसाठी एक : पुढच्या सप्टेंबरमध्ये ती अस्वलाची बातमी आली, तर वाचा जरूर. पण बर्फ किती उरला, यावर थांबू नका. तो पुन्हा कधी धरला, किती जाड झाला, त्यावर हिम किती पडलं, हे पुढचे सहा महिने विचारत राहा. हिशेब तेव्हाच पुरा होतो.